तिखटापलीकडच्या मिरच्या

मंडईत आपल्याला मिरचीचे पाच-सहाच प्रकार भेटतात. जगात तिचे वाण हजारोंनी आहेत. कुणी चोचीच्या आकाराची, कुणी काळ्या मण्यासारखी, कुणी पिकताना जांभळी, पिवळी, केशरी आणि लाल अशा चार रंगांतून जाणारी. पेरू देशातल्या एका मिरचीला लिंबाचा वास येतो. हबानेरोचा सगळा सुगंध असलेली, पण तोंडाला अजिबात न झोंबणारी मिरचीही तयार झाली आहे. यांतल्या बहुतेक मिरच्या कुंडीत उत्तम येतात. गच्चीवर, परसात किंवा दक्षिणेकडच्या बाल्कनीत पाच-सहा तास थेट ऊन मिळत असेल, तर एवढी जागा पुरेशी आहे.

नवखा माणूस मात्र बहुधा एकाच दिशेने निघतो: जगातली सर्वांत तिखट मिरची कोणती? 2007 साली ईशान्य भारतातल्या भूत जोलोकियाची नोंद गिनीज बुकात झाली. तिचा तिखटपणा 10,01,304 स्कोव्हिल इतका मोजला होता. त्यानंतर ही शर्यत अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातल्या एड करी यांच्या शेतापर्यंत पोहोचली. त्यांची कॅरोलायना रीपर 2013 साली पहिली आली आणि 2023 साली त्यांच्याच पेपर एक्सने 26,93,000चा आकडा गाठला. हे आकडे वाचायला रंजक आहेत, पण घरच्या बागेसाठी त्यांचा उपयोग नाही. दहा लाखांच्या पुढची मिरची घरात कुणी खात नाही. एका झाडाला पन्नास लागतात, दोन लोणच्यात पडतात आणि बाकीच्या झाडावरच सुकतात. मिरचीत निवडण्यासारखे तिखटापलीकडे खूप काही आहे. वास, आकार, पानांचा रंग, गराची जाडी या गोष्टी पाहून झाड निवडलेत, तर ते वर्षभर स्वयंपाकघराच्या उपयोगी पडेल.

दुसरा सल्ला मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. वाणाच्या नावाआधी त्याची प्रजाती विचारा. माणसाने लागवडीत आणलेल्या मिरचीच्या पाच प्रजाती आहेत. बी किती दिवसांत उगवेल, कुंडी केवढी हवी, पहिली मिरची कधी हाती येईल, उन्हाळा सोसेल की नाही, हे सगळे प्रजातीवर ठरते. पाकिटावर ‘ड्रॅगन’ किंवा ‘डेव्हिल’ काहीही छापलेले असो, प्रजाती कळली की निम्मी लागवड कळली.

आपली लवंगी वगळता रोजच्या ओळखीच्या जवळजवळ सगळ्या मिरच्या कॅप्सिकम अ‍ॅन्युअममधल्या. ज्वाला, ब्याडगी, ढोबळी आणि मेक्सिकोची हालापेन्यो, सगळ्या एकाच घरच्या. फूल पांढरे आणि बहुधा एका पेराशी एकच. ही प्रजाती सर्वांत सोशिक. बी आठ-दहा दिवसांत उगवते आणि रोप लावल्यापासून अडीच महिन्यांत तोडा सुरू होतो. पहिल्यांदा अनोखी मिरची लावणाऱ्याने याच घरातून सुरुवात करावी.

सुरुवातीला ब्लॅक पर्ल लावा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी हा वाण शोभेसाठी तयार केला आणि 2006 साली त्याला तिथले ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ पारितोषिक मिळाले. भरपूर ऊन मिळाले की याची पाने जवळजवळ काळी होतात, सावलीत मात्र ती हिरवटच राहतात. वाटाण्याएवढी फळे आधी काळी चकचकीत आणि पिकली की लाल. शोभेचे झाड म्हणून चावून पाहायला जाऊ नका, ही मिरची चांगलीच तिखट आहे. पाने रंगीत नकोत, फळे रंगीत हवीत, असे असेल तर बोलिव्हियन रेनबो किंवा न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीचा नुमेक्स ट्वायलाइट लावा. एकाच झाडावर जांभळ्या, पिवळ्या, केशरी आणि लाल मिरच्या एकाच वेळी दिसतात. जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. तेच जांभळात आणि वांग्यातही असते. फळ पिकू लागले की अँथोसायनिन ओसरते, लाल-केशरी रंगद्रव्ये पुढे येतात आणि झाडावर रंगांची रांग लागते.

याच प्रजातीतली फिश पेपर मला विशेष प्रिय आहे. तिच्या पानांवर पांढरे शिंतोडे असतात आणि कोवळी फळे सायीच्या रंगाची, हिरव्या रेघांची असतात. अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या किनारी भागात कृष्णवर्णीय स्वयंपाकी ती मासे, कालवे आणि खेकड्यांसोबतच्या पांढऱ्या सॉसमध्ये घालत, कारण सायीच्या रंगाच्या मिरचीने सॉसचा रंग बिघडत नसे. पुढे ती शेतांतून नाहीशी होत गेली. चित्रकार होरेस पिपिन यांनी 1940च्या दशकात तिचे बी पेनसिल्व्हेनियातल्या राल्फ विव्हर या मधमाश्या पाळणाऱ्या गृहस्थांना दिले. पिपिन यांचा हात पहिल्या महायुद्धात जायबंदी झाला होता. त्या दुखण्यावर उपाय म्हणून ते मधमाश्यांचे दंश करून घेत आणि त्या बदल्यात बियाणे देत. अनेक वर्षांनी विव्हर यांच्या नातवाने ते बी जपणूक करणाऱ्यांपर्यंत पोहोचवले आणि 1995पासून ते पुन्हा सर्वांना मिळू लागले. हिची रोपे तयार करताना एक लक्षात ठेवा. एखादे रोप पूर्ण पांढरे निघते. त्यात हरितद्रव्यच नसल्याने ते जगत नाही. पानांवर हिरवे-पांढरे दोन्ही रंग असलेली रोपे ठेवा.

दुसरी प्रजाती कॅप्सिकम चायनेन्स. हबानेरो, कॅरोलायना रीपर आणि त्रिनिदादच्या स्कॉर्पियन मिरच्या या घरच्या. आपली भूत जोलोकियाही मुख्यतः इथलीच, फक्त तिच्यात फ्रुटेसेन्सचा अंश मिसळलेला आहे. एका पेराशी दोन ते पाच फुले, खाली झुकलेली, आणि फळाला फळांसारखाच गोड सुवास. हा सुवास ज्याने एकदा घेतला, त्याला साधी हिरवी मिरची फिकी वाटू लागते. त्यासाठी अंगाची आग करून घेण्याची गरज मात्र नाही. ब्राझीलची बिकिन्यो लावा. पाण्याच्या थेंबासारखी, टोकाला चिमुकली चोच असलेली, लाल किंवा पिवळी, आणि जवळजवळ न झोंबणारी. व्हिनेगरमध्ये मुरवली की मुले ती एक-एक करून फस्त करतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल माझुरेक यांनी तयार केलेली हबानाडा तर पूर्ण बिनतिखट आहे. हबानेरोचा वास नीट समजून घ्यायचा असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. चायनेन्सला मात्र वेळ द्यावा लागतो. बी उगवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि रोप लावल्यावर पहिले पिकलेले फळ मिळेपर्यंत साडेतीन-चार महिने जातात.

तिसरी बॅकॅटम. पाकळ्यांवर पिवळे-हिरवे ठिपके दिसले की ही प्रजाती ओळखावी. लिंबाच्या वासाची लेमन ड्रॉप, पेरूच्या स्वयंपाकाचा कणा असलेली आही अमारिलो आणि तीन-चार पाकळ्यांच्या मुकुटासारखी बिशप्स क्राउन या तिच्या लेकी. ही झाडे उंच जातात. पाच फुटांपर्यंत सहज वाढतात आणि फांद्या पसरतात. बाल्कनी अरुंद असेल तर एकच लावा. लेमन ड्रॉपचे पिवळे तुकडे काकडीच्या कोशिंबिरीत किंवा पोह्यांवर घाला, वरून लिंबू कमी लागेल. बिशप्स क्राउनचा देठाजवळचा भाग झोंबतो आणि कडेच्या पाकळ्या गोड लागतात. एकाच मिरचीत दोन चवी मिळतात.

चौथी फ्रुटेसेन्स. टोक आभाळाकडे करून उभी राहणारी, बोटाच्या पेराएवढी, कडक तिखट. केरळची पांढरी कांथारी हे तिचे सुंदर रूप. पाचवी प्युबेसेन्स, म्हणजे अँडीज पर्वतातली रोकोटो. जांभळी फुले, लव असलेली पाने आणि काळ्या बिया. तिला थंड हवा लागते. आपल्या मैदानी उन्हाळ्यात ती फळ धरत नाही, म्हणून मुंबई, पुणे, नागपूरच्या वाचकांनी तिच्या मोहात पडू नये.

परदेशी नावांच्या नादात घरच्या नवलाईकडे दुर्लक्ष नको. पोर्तुगिजांनी मिरची गोव्याच्या किनाऱ्यावर उतरवली त्याला जेमतेम पाचशे वर्षे झाली. तेवढ्यात या मातीने तिची किती रूपे घडवली! काणकोणच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात होणारी खोला मिरची, पेडण्याकडची हरमल मिरची आणि विदर्भातली भिवापुरी या तिघींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. सिक्कीमची गोल, चेरीसारखी डल्ले खुर्सानी आणि नागालँडची नागा मिर्चा यांनाही ते आहे. कोकणातल्या एखाद्या आजीच्या परसात वर्षानुवर्षे आपोआप उगवणारी लवंगी यांच्याइतकीच अनोखी आहे. तिचे बी मिळाले तर आधी ते लावा. त्या जागेची हवा ती कोळून प्यायलेली असते.

बी कुठून आणावे, हा पुढचा प्रश्न. इंटरनेटवर निळ्याशार मिरच्यांची चित्रे दाखवून पाकिटे विकली जातात. तशी निळी मिरची अस्तित्वात नाही. पेपर एक्सचे बीही करी यांनी लोकांना विकलेले नाही. तेव्हा त्या नावाचे पाकीट दिसले तर पैसे घालवू नका. ज्याच्या दारात ते झाड प्रत्यक्ष उभे आहे, अशा बागकर्मीकडून बी किंवा रोप घेणे सर्वांत चांगले. ईशान्येकडून आलेल्या सुक्या भूत जोलोकियाचे बीही बरेचदा उगवते, मात्र मिरची धुरावर वाळवलेली नसावी. धुराच्या उष्णतेने बी मरते. परदेशातल्या नातेवाइकांनी पाकिटात घालून बी पाठवावे, हा मोह मात्र टाळा. 2003च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार बियाणे देशात आणायला परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. मिरचीचे काही विषाणू बियांतूनच प्रवास करतात, त्यामुळे हा नियम आपल्याच शेतकऱ्यांच्या हिताचा आहे.

पेरणी आणि हंगाम

मिरचीच्या बियांना ऊब लागते. माती 25 ते 30 अंशांवर असेल तर त्या झटपट उगवतात, 18च्या खाली गेली की झोपून राहतात. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. कोकोपीट आणि बारीक चाळलेले गांडूळखत निम्मे-निम्मे घेऊन ट्रे भरा आणि बी पाव इंचापेक्षा खोल टाकू नका. वर प्लास्टिकचे झाकण ठेवा, पण रोज थोडा वेळ ते उघडा. बियांना उगवायला प्रकाश नको असतो. उगवल्या दिवसापासून मात्र भरपूर प्रकाश हवा, नाहीतर रोपे पिवळी पडून लांबोडी होतात. थंडीत पेरत असाल तर ट्रे फ्रिजच्या डोक्यावर ठेवा, तिथे थोडी ऊब असते. चायनेन्सचे बी तीन आठवडे उगवले नाही म्हणून माती उकरून पाहू नका.

ट्रेमध्ये सर्वांत जास्त रोपे मरतात ती पाण्यामुळे. रोप जमिनीलगत मऊ पडते आणि एका रात्रीत आडवे होते. याला मर म्हणतात आणि एकदा लागली की त्या रोपाला औषध नाही. पाणी वरून ओतण्याऐवजी ट्रे पाण्याच्या ताटलीत ठेवून खालून शोषू द्या. वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नका. भरताना मिश्रणात चमचाभर ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळली तर बराच आधार होतो.

कोणत्या महिन्यात पेरायचे, याला महाराष्ट्रात एक उत्तर नाही. मिरचीच्या फुलांना दिवसाचे 35 अंशांपुढचे ऊन आणि उकाड्याच्या रात्री सोसत नाहीत, ती गळून पडतात. सतत भिजणेही सोसत नाही. झाडावर फुले येतील तेव्हा हवा कशी असेल, यावरून मागे मोजत पेरणीची वेळ ठरवायची.

मुंबई, ठाणे, कोकणपट्टी आणि गोवा इथे मुसळधार पाऊस हा मुख्य अडसर. तिथे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत बी छपराखाली पेरावे आणि पावसाचा जोर ओसरला की सप्टेंबरच्या शेवटी मोठ्या कुंडीत हलवावे. अ‍ॅन्युअमची फळे डिसेंबरपासून आणि चायनेन्सची फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतील. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात मी चायनेन्स आणि बॅकॅटमसाठी फेब्रुवारीची पेरणी पसंत करतो. रोपे एप्रिल-मे शेडनेटखाली काढतात, पावसाच्या पहिल्या सरींनी जोमाने वाढतात आणि ऑगस्टपासून फुलू लागतात. सप्टेंबर ते डिसेंबर हा त्यांच्या फळांचा खरा ऋतू. या भागात अ‍ॅन्युअम जूनमध्ये पेरली तरी चालते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळा रोपाला जगू देणार नाही. तिथे जूनच्या पावसासोबत पेरा आणि दिवाळीच्या आसपास पहिला तोडा घ्या.

अमेरिका, ब्रिटन किंवा जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांचे गणित वेगळे. तिथे शेवटचे दहिवर पडण्याच्या आठ ते दहा आठवडे आधी घरात पेरावे. चायनेन्स असेल तर बारा आठवडे. रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांच्या वर स्थिरावल्यावरच झाड बाहेर न्यावे, आणि नेताना आठवडाभर रोज थोडे थोडे ऊन दाखवत न्यावे.

कुंडी, माती, पाणी

रोपाला चार ते सहा खरी पाने आली की हलवा. ब्लॅक पर्लसारख्या बुटक्या शोभिवंत मिरच्यांना आठ इंची कुंडी पुरते. चायनेन्सला चौदा इंची, म्हणजे साधारण वीस लिटरची हवी. लहान कुंडीतही ती जगते, पण पाच-सात फळे देऊन थांबते. बॅकॅटमला त्याहून मोठी कुंडी किंवा ग्रो बॅग आणि सोबत बांबूची काठी द्या. कुंडीला तळाशी भोके भरपूर हवीत.

माती सैल हवी, मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच फुटावा. लाल माती दोन वाटे, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक वाटा, कोकोपीट एक वाटा आणि वर मूठभर निंबोळी पेंड, हे मिश्रण आपल्याकडे चांगले जमते. काळी माती कुंडीत घालू नका. ती पावसाळ्यात चिखल होते, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि मुळे तुटतात. ताजे शेणही नको.

खताबाबत हात आखडता ठेवावा. नत्र जास्त झाले की झाड गर्द हिरवे होते आणि फुले येत नाहीत. तेव्हा ‘झाड किती छान वाढलंय’ म्हणून आनंद होतो आणि मिरची मात्र दिसत नाही. फुले लागेपर्यंत पंधरा दिवसांनी थोडे गांडूळखत द्या. फुले लागली की पालाश देणारे खत वाढवा. त्यासाठी केळीच्या सालींचे पाणी पुरत नाही, पोटॅशयुक्त द्रवखत सांगितलेल्या मात्रेच्या निम्मे घ्या. फळाच्या टोकाला काळपट, दबलेला डाग पडत असेल तर झाडाला कॅल्शियम पोहोचत नाही. त्याचे कारण बहुतेक वेळा अनियमित पाणी असते, मातीतला कॅल्शियमचा तुटवडा नव्हे. अंड्याची टरफले टाकून ते सुटत नाही. पाण्याची वेळ बांधून घ्या आणि वर वाळलेल्या पानांचे आच्छादन टाका.

पाणी कधी द्यायचे, हे बोट सांगते. मातीत एक इंच खुपसून पाहा, कोरडे लागले तर भरपूर द्या. उन्हाच्या भरात पाने मरगळतात, म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी ती स्वतःहून उभी राहिली तर मुळाशी ओल आहे. फळे पिकू लागल्यावर पाणी थोडे कमी केले तर तिखटपणा वाढतो. एकाच वाणाच्या दोन झाडांच्या मिरच्या कमी-जास्त झोंबतात, त्यामागे हे एक कारण आहे.

मिरचीला स्वतःच्याच परागकणांनी फळ धरते, वारा आणि मधमाश्या त्याला हातभार लावतात. काचबंद बाल्कनीत वारा नसतो. तिथे सकाळी दहाच्या सुमारास उमललेल्या फुलांना बोटाने हलकी टिचकी मारा. फुले गळत असतील तर आधी थर्मामीटर पाहा. मेमध्ये बाग सुधारण्याचा एकच मार्ग असतो, 50 टक्के सावलीची जाळी आणि पावसाची वाट.

बोकड्या आणि त्यामागचे कीटक

मिरचीची पाने आक्रसली की सगळे त्याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात आणि दुकानातून मिळेल ते औषध मारतात. आधी पान नीट पाहा. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखा आकार झाला असेल तर बहुधा फुलकिडे आहेत. कडा खाली वळल्या, देठ लांबला आणि कोवळे शेंडे बारीक, ताठर झाले असतील तर ते कोळ्याचे काम. कोळी इतका सूक्ष्म असतो की भिंगाशिवाय दिसत नाही. आणि झाड खुजे राहून पाने बारीक, पिवळसर, चुरगळलेली दिसली, तर पांढऱ्या माशीने विषाणू आणला आहे.

तिघांवरचे उपाय वेगळे. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावा आणि एक लिटर पाण्यात पाच मिली नीम तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. दर पाच-सात दिवसांनी तीनदा करावे लागते, एकदा फवारून उपयोग नाही. कोळ्यावर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन-तीन ग्रॅम लागू पडते. मात्र कडक उन्हात ते फवारले तर पाने करपतात, आणि नीम तेलानंतर किमान दोन आठवडे गंधक वापरू नये. विषाणूवर औषध नाही. ते झाड उपटून पिशवीत बंद करून टाकायचे आणि पिवळे सापळे लावून पांढरी माशी आवरायची. हळहळ वाटते, पण एक झाड वाचवायच्या नादात पूर्ण गच्ची जाते.

2021च्या हंगामात थ्रिप्स पार्व्हिस्पिनस या परदेशातून आलेल्या फुलकिड्याने आंध्र-तेलंगणातल्या मिरचीचे फार मोठे नुकसान केले. तो फुलांत शिरतो. म्हणून आठवड्यातून एकदा दोन-तीन फुले पांढऱ्या कागदावर झटकून पाहण्याची सवय लावा. काळपट रेघा सरकताना दिसल्या तर लगेच फवारणी सुरू करा. माव्यासाठी इतके काही लागत नाही, पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. पावसाळ्यात फळांवर गोल, दबलेले डाग पडून ती कुजत असतील तर तशी फळे तोडून लांब टाका आणि फांद्या विरळ करा, म्हणजे आत हवा खेळेल.

तोडणी आणि वापर

चायनेन्सच्या मिरच्या पूर्ण पिकून रंग बदलेपर्यंत झाडावर राहू द्या. हिरव्या तोडल्या तर तिखट लागतात पण तो सुवास नसतो, आणि सुवासासाठीच तर चार महिने थांबलो. फांदीला ओढू नका, देठासकट कात्रीने कापा.

तिखट मिरच्या हाताळताना हातमोजे घाला. हातमोजे नसतील तर आधी हाताला खोबरेल तेल चोळा आणि काम झाल्यावर साबणाने दोनदा धुवा. मिरचीला तिखट करणारे कॅप्साइसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळे नुसत्या पाण्याने हात धुऊन डोळ्याला लावलात तर पश्चात्ताप होईल. तोंडाची आग पाण्याने शमत नाही, दूध किंवा दही घ्या. तिखटपणा बियांत असतो असे आपण समजतो, पण तो प्रत्यक्षात बिया ज्यांना चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरांमध्ये असतो. शिरा काढल्या की हबानेरोही आमटीत घालण्याजोगी होते. भूत जोलोकिया किंवा रीपर भाजायची असेल तर खिडक्या उघडून, मुलांना आणि दमा असलेल्या माणसाला दुसऱ्या खोलीत पाठवून मगच भाजा. ही झाडे लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी उंचावर ठेवा.

पक्ष्यांना कॅप्साइसिन झोंबत नाही. निसर्गात मिरचीचे बी पक्ष्यांनीच पसरवले आहे, आणि बुलबुल तुमच्या छोट्या लाल मिरच्यांवर हमखास हजर होईल. सगळ्या वाचवायच्या असतील तर जाळी बांधा. मी मात्र लवंगीचे एक झाड त्यांच्यासाठी मोकळे ठेवा असे सुचवेन.

पातळ सालीच्या मिरच्या अख्ख्या वाळतात. बिशप्स क्राउनसारख्या जाड गराच्या मिरच्या उन्हात ठेवल्या तर आतून बुरशी धरतात, त्या चिरून वाळवा किंवा व्हिनेगरमध्ये घाला. चॉकलेटी हबानेरोच्या एका मिरचीत लसूण, भाजलेले शेंगदाणे, मीठ आणि लिंबू घालून केलेला ठेचा चौघांना पुरतो. पिकलेल्या आही अमारिलोची पेस्ट बटाट्याच्या भाजीला हळदीसारखा पिवळा रंग आणि जर्दाळूसारखी झाक देते.

बी आणि दुसरे वर्ष

शेजारच्या कुंडीतल्या तिखट मिरचीमुळे आपली ढोबळी तिखट झाली, असे लोक सांगतात. तसे होत नाही. फळाचा गर आईच्या झाडाचा असतो, त्यामुळे या वर्षीची फळे वाणाप्रमाणेच येतात. संकर उतरतो तो आतल्या बियांत आणि दिसतो पुढच्या वर्षी. म्हणून दोन-चार वाण जवळ असतील आणि बी शुद्ध हवे असेल, तर कळ्या उमलण्याआधी फांदीला बारीक जाळीची पिशवी बांधा. भेटवस्तूंना मिळणारी ऑर्गंझाची पिशवी छान कामाला येते. फळ धरले की पिशवी काढा आणि त्या देठाला लाल दोरा बांधा, म्हणजे तोडताना घोटाळा होणार नाही. हायब्रीड वाणाचे बी मात्र ठेवू नका, त्याची पिढी सारखी निघत नाही.

फळ झाडावर पूर्ण पिकू द्या, वर आठवडाभर ठेवा. बी काढून ताटात पसरून सावलीत वाळवा. उन्हात नको. बी दोन बोटांत वाकवल्यावर न वाकता मोडले की वाळले समजा. मग कागदी पाकिटात घालून, पाकिटे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून, बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पाकिटावर वाण, प्रजाती, वर्ष आणि पिशवी बांधली होती की नव्हती, हे लिहा. दोन-तीन वर्षे उगवण चांगली राहते.

तोडा संपला म्हणून झाड उपटू नका. मिरची अनेक वर्षे जगणारे झुडूप आहे, शेतात ती एका हंगामाची असते एवढेच. जानेवारी-फेब्रुवारीत फळे संपली की मुख्य खोड आणि तीन-चार जाड फांद्या ठेवून बाकी छाटा. प्रत्येक फांदीवर दोन-तीन पेरे राहू द्या. वरची दोन इंच माती काढून नवे गांडूळखत आणि निंबोळी पेंड घाला, आणि पाणी बेताचे ठेवा. उन्हाळाभर झाड जाळीखाली सावलीत राहिले की पावसाच्या तोंडावर नवी पालवी फुटते. दुसऱ्या वर्षी चायनेन्सची झाडे पहिल्या वर्षापेक्षा महिना-दीड महिना आधी फुलतात आणि फळेही जास्त देतात. छाटणी कोरड्या दिवशी करा आणि कात्री आधी स्पिरिटने पुसून घ्या.